४के मॉनिटरसाठी कार्यालयीन संगणक जुळवताना

आमच्या कार्यालयात दिवसभर मुद्रितशोधन चालते, आणि रफार, अनुस्वार व जोडाक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून आम्ही २७ इंची ४के मॉनिटर घेतला. जुन्या संगणकाला तो जोडल्यावर अक्षरे रेखीव दिसली खरी, पण माउसचा बाण अडखळत सरकू लागला. दोष केबलचा नव्हता, संगणकाच्या एचडीएमआय १.४ पोर्टचा, म्हणजे मॉनिटर जोडण्याच्या खाचेच्या जुन्या आवृत्तीचा होता. ४के म्हणजे ३८४० × २१६० रिझोल्यूशनला या आवृत्तीत सेकंदाला ३० चित्रेच मिळतात, आणि ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागते.

त्यामुळे नवा संगणक जुळवताना मी मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग जोडले जातात त्या मुख्य सर्किट बोर्डाच्या, मागच्या बाजूपासून सुरुवात केली. ग्राफिक्सची सोय प्रोसेसरमध्ये असली, तरी चित्र बाहेर पडते ते मदरबोर्डच्या पोर्टमधून, म्हणून त्या पोर्टची आवृत्ती निर्मात्याच्या माहितीपत्रकात वाचल्याशिवाय खरेदी करू नये, असे माझे ठाम मत आहे. मजकूर, तक्ते आणि पीडीएफ यांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मात्र इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर 'एफ' असतो, त्यांत वापरण्याजोगे अंगभूत ग्राफिक्स नसते, आणि असा प्रोसेसर स्वस्त म्हणून घेतला तर कार्डाचा खर्च वाढतो. अंगभूत ग्राफिक्स मुख्य मेमरीच वापरते, आणि दोन पट्ट्या असल्या की मेमरीशी देवाणघेवाण जलद होते, म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घेतल्या. विंडोजमध्ये स्केलिंग, म्हणजे अक्षरे व चिन्हे मोठी करून दाखवण्याचे प्रमाण, १५० टक्के ठेवले आहे, आणि आता 'र्व'वरचा रफार डोळे न ताणता दिसतो.