खांब आणि काच

बेसबॉलचा सामना लावला की मी चेंडू टाकणाऱ्या पिचरपेक्षा जास्त वेळ, बॅटरपाशी जमिनीत बसवलेल्या होम प्लेटमागच्या अंपायरकडे बघतो. टीव्हीवर स्ट्राइक झोनचा चौकोन आल्यापासून प्रत्येकाला त्याची चूक दिसते, पण त्याला नेमकं काय ठरवायचं असतं ते फारसं कुणी विचारत नाही. बॅटरने न मारलेला चेंडू या झोनमधून गेला तर स्ट्राइक, नाहीतर बॉल. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, चार बॉल झाले की त्याला पहिला बेस फुकट.

नियमातला स्ट्राइक झोन हा चौकोन नाहीच. 17 इंच रुंदीच्या पंचकोनी होम प्लेटवर उभा असलेला तो एक अदृश्य खांब आहे. त्याचं वरचं टोक बॅटरचे खांदे आणि पँटची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर, खालचं गुडघ्याच्या वाटीखालच्या खळगीशी. चेंडूची कड या खांबाला कुठेही, अगदी मागच्या कोपऱ्यालाही शिवली तरी स्ट्राइक. बॅटर बदलला की खांबही बदलतो. ताशी 95 मैलांचा चेंडू साधारण 0.4 सेकंदात येतो, आणि तेवढ्यात हे सगळं बघायचं.

त्यात अंपायरची जागा मधोमध नसते. तो प्लेटमागे बसून चेंडू झेलणारा कॅचर आणि बॅटर यांच्यामधल्या फटीत उभा राहतो, तिला स्लॉट म्हणतात. तिथून आतली कड स्वच्छ दिसते, पण बाहेरचा खालचा कोपरा लांब पडतो आणि कॅचरचं अंग आड येतं. शिवाय चेंडू झोनमध्येच होता असं भासावं म्हणून कॅचर तो झेलता झेलता ग्लव्ह हळूच आत ओढतो. म्हणून चांगला अंपायर डोकं न हलवता नुसत्या डोळ्यांनी चेंडूचा माग काढतो आणि तो ग्लव्हमध्ये गेल्यावर क्षणभर थांबूनच निर्णय देतो. ते थांबणं मला फार आवडतं.

काउंटचाही, म्हणजे त्या बॅटरच्या आतापर्यंतच्या बॉल-स्ट्राइकच्या मोजणीचाही परिणाम होतो. 3-0 (तीन बॉल, शून्य स्ट्राइक) असताना झोन फुगतो, 0-2 असताना आक्रसतो. चेंडूंच्या नोंदी तपासणाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा आढळलं आहे. मला यात पक्षपात दिसत नाही. काठावरच्या एका चेंडूने बॅटरची पाळी संपवायला माणसाचं मन कचरतं, इतकंच.

मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, 2026 पासून एबीएस चॅलेंज आलं: अंपायरचा बॉल-स्ट्राइकचा निर्णय यंत्राकडून तपासून घ्यायची सोय. प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन चॅलेंज, आणि ती फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरने लगेच, डोक्यावर टिचकी मारून घ्यायची. योजना मला पटते. पण यंत्राचा झोन खांब नसून प्लेटच्या मध्यावर उभी केलेली सपाट काच आहे. तिची वरची कड बॅटरच्या उंचीच्या 53.5 टक्क्यांवर, खालची 27 टक्क्यांवर. म्हणजे मागच्या कोपऱ्याला चाटून जाणारा कर्व्हबॉल, म्हणजे हवेत वळत येणारा चेंडू, नियमपुस्तकानुसार स्ट्राइक आणि यंत्रानुसार बॉल असू शकतो. अंपायरने खांब अचूक ओळखला, तरी त्याचा निर्णय भर मैदानात फिरतो.

क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यूच्या काठावरच्या निर्णयाला 'अंपायर्स कॉल'चं संरक्षण आहे. इथे केसभर फरक पडला तरी अंपायर चुकीचा ठरतो. अर्ध्या इंचाची तशी पट्टी बेसबॉलनेही ठेवावी, निदान नियमपुस्तक आणि यंत्र एकच झोन मोजायला लागेपर्यंत तरी.