नुसती झाडं?

“यात काय बघायचं? नुसती झाडंच तर आहेत!” क्वालालंपूरच्या बुकित नानास जंगलात, झाडांच्या उंचीवरून जाणाऱ्या झुलत्या पुलावर मागून मराठीत कानावर आलं. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

हे जंगल १९०६ साली राखीव झालं. आता जेमतेम साडेनऊ हेक्टर उरलंय. एवढ्या लहान तुकड्यात कडेनं ऊन-वारा आत शिरतो, ओल कमी होते आणि सावलीत वाढणारी रोपं आधी मरतात. तरी ते टिकून आहे, हेच मला फार मोठं वाटतं.

आणि ते जेलुतोंगचं झाड! त्याच्या चिकापासून पूर्वी च्युइंगम बनायचं. हे जंगल आहे त्याच टेकडीवर ४२१ मीटरचा क्वालालंपूर टॉवर उभारताना शंभरी ओलांडलेलं एक जेलुतोंग आड आलं. झाड तोडलं नाही, टॉवरची जागा सरकवली. झाडालगत आधारभिंत बांधली, त्यासाठी सुमारे ४ लाख ३० हजार रिंगिट (मलेशियाचं चलन) खर्च केले. का? मुळांजवळची माती खचली की एवढं झाड उभं राहत नाही.

जाणार असाल तर सकाळी जा. पावसानंतर पायऱ्या निसरड्या होतात, पकड असलेले बूट हवेत. डासांचं मलम लावा. खाऊची पिशवी हातात ठेवू नका, माकडं ओढतात. पुलावर फोटो काढायची घाई नको. खाली वाकून बघा, वरच्या पानांतून गाळून आलेल्या थोड्याशा उजेडावर किती रोपं जगतायत.

टॉवरवर जाणारे त्या जेलुतोंगजवळूनच जातात. त्यातले किती जण थांबून वर बघत असतील?