प्लॅटिनमचा मुकुट, लाहोरचा हिरा

टॉवर ऑफ लंडनच्या ज्वेल हाऊसमध्ये मुकुटांसमोर थांबू देत नाहीत. सरकता पट्टा पुढे नेत राहतो आणि फोटोलाही बंदी आहे. मग मी वळसा घालून परत पट्ट्यावर चढायचे, तेही एकाच मुकुटासाठी: सहाव्या जॉर्जची राणी एलिझाबेथ हिचा, १९३७ च्या राज्याभिषेकाचा.

गॅरार्ड या सराफी पेढीने घडवलेला हा पहिला प्लॅटिनमचा ब्रिटिश मुकुट. प्लॅटिनम चिवट, त्यामुळे कोंदण इतकं बारीक की सुमारे २८०० हिऱ्यांमध्ये धातू जेमतेम दिसतो. बरेचसे हिरे व्हिक्टोरियाच्या जुन्या शिरोभूषणातून काढलेले. खालच्या पट्टीवरचा टपोरा हिरा क्रिमियन युद्धातल्या मदतीबद्दल तुर्की सुलतानाने १८५६ मध्ये दिलेला. आत जांभळी मखमल. वरच्या चार अर्धकमानी सुट्या होतात. १९५३ मध्ये मुलीच्या राज्याभिषेकाला एलिझाबेथने त्या काढूनच हा मुकुट घातला होता. कारागिरी खरोखर देखणी आहे, आणि ती मनापासून पाहावी.

पण समोरच्या क्रॉसमध्ये कोहिनूर आहे. अलेक्झांड्रा (१९०२), मेरी (१९११), मग एलिझाबेथ: प्रत्येक राणीला नवा मुकुट घडवला, हिरा मात्र आधीच्या मुकुटातून काढून पुढच्यात बसवला. १८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाब घेतला तेव्हा पंजाबच्या दहा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंगाकडून तो तहात लिहून घेतला होता. लॉर्ड डलहौसीने स्वतः तो लाहोरहून मुंबईला आणला आणि एप्रिल १८५० मध्ये ‘मेडिया’ जहाजाने तो आपल्याच बंदरातून गेला. मी मुंबईची, म्हणून हे जास्तच लागतं.

कोहिनूरचा जुना बाजूबंदही इथे मांडलाय, त्यात मूळ घाटाची स्फटिकाची प्रतिकृती आहे. ती चुकवू नका. आपल्याकडच्या कारागिरांनी दगडाचं वजन राखलं होतं. लंडनला चमक हवी होती. १८५२ मध्ये पुन्हा पैलू पाडले आणि १८६ कॅरटचा हिरा १०५.६ वर आला. हिरा उद्या परत मिळाला तरी ती घडण गेली ती गेलीच.

२०२३ च्या राज्याभिषेकाला राणी कॅमिलाने मेरीचा मुकुट वापरला, आठांपैकी चार अर्धकमानी उतरवून आणि कोहिनूरशिवाय. योग्यच केलं. भारत, पाकिस्तान, इराण, अफगाणिस्तान सगळेच ज्यावर हक्क सांगतात, तो हिरा कोणाच्याही डोक्यावर मिरवायचे दिवस संपलेत, असं मला ठामपणे वाटतं.