साडेतीन फुटांवरची रेघ

सांगलीत पावसाळा आला की सगळ्यांना फुटांचा हिशोब पाठ असतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती झालं, हे सकाळी चहाच्या आधी विचारायचं. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका आणि त्याच्या पुढं गेलं की आमच्या गावभागातली लोकं बोलायची थांबतात आणि गाद्या वर माळ्यावर न्यायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलतं. मी तेव्हा आठवीत होते. परत आलो तेव्हा घरात चिखल, वास, आणि माजघराच्या भिंतीवर बरोब्बर एका लेव्हलला गेलेली एक रेघ. बाबांनी दुसऱ्या वर्षी घराला रंग दिला पण माजघरातली ती एक भिंत काय झाली नाही, आधी ओल होती म्हणून, मग पैसे नव्हते म्हणून, आणि आता कुणाच्या लक्षातच येत नाही म्हणून. त्या रेघेखाली आमचा फ्रीज आहे.

ह्या रेघेचं मला काही विशेष वाटायचं नाही. वाटायला लागलं ते नाटकामुळं, आणि नाटकात मी गेले ते ॲक्टिंग करायला हे आधीच सांगून टाकते. एफवायला कॉलेजच्या एकांकिकेची ऑडिशन दिली, आवाज तिसऱ्या रांगेत पोचंना, मग मला म्हणाले तू बॅकस्टेजला थांब. बॅकस्टेज म्हणजे चहा आणणं, असं मला वाटलं, आणि पहिला आठवडा तो खरंच चहाच होता.

मग एक दिवस सेटवाले काका आले (सुतारकाम करतात, आणि नाटकाचं काम असलं की घरचं काम टाकून येतात) आणि म्हणाले, ए पोरी, कापड धर. फ्लॅट, म्हणजे सेटची खोटी भिंत, कशी करतात ते त्या दिवशी कळलं. रिपांची चौकट ठोकायची, तिच्यावर मांजरपाट ताणून लावायचा, त्याला खळ मारायची, खळीत थोडा मोरचूद नायतर उंदीर आणि झुरळं सगळा सेट खाऊन टाकतात, आणि वाळल्यावर ते कापड ढोलकीसारखं टणक होतं. मग डिस्टेंपर. पिवडी, गेरू, काजळी एवढ्यात अख्खं जुनं घर निघतं. हातानं ढकललं तर पडेल अशी ती भिंत असते, आणि दहा पावलं मागं जाऊन बघितलं की शंभर वर्षांचा वाडा. मी त्या रात्री घरी येऊन झोपलेच नाही.

चुका पण भरपूर केल्या. पहिल्याच सेटला मी भिंतीला मस्त पोपटी रंग दिला, दिवसा सगळे वा वा म्हणाले, आणि लाइटवाल्या दादानं प्रवेश संपताना दिव्यापुढं लाल जिलेटिनचा कागद लावल्यावर भिंत काळी ठिक्कर पडली, जणू घराला आग लागून गेलीय. हिरव्या रंगावर नुसता लाल उजेड टाकला तर परत यायला काही उरतच नाही, हे आम्ही दहावीला सायन्समध्ये शिकलो होतो आणि मार्क पण मिळाले होते. त्याचा आपल्या भिंतीशी काही संबंध असेल असं कुणाला वाटतंय! तेव्हापासनं रंग लाइटखालीच बघायचा, आणि सेट लागला की हॉलच्या डाव्या कोपऱ्यातल्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसायचं, कारण तिथनं दार दिसलं नाही तर त्या माणसासाठी नाटकात दारच नाही.

आमच्याकडं कसं आहे, सांगलीचं नाटकवेड सांगायला कुणीपण सुरू झालं की १८४३, पाच नोव्हेंबर, विष्णुदास भावे, पहिलं मराठी नाटक सीता स्वयंवर, पटवर्धन सरकारांचा आश्रय, हे एका दमात येतं. नाटककार देवलांचं हरिपूर तर चालत जायच्या अंतरावर. पण ह्या सगळ्यात सेटचं कुणी बोलत नाही. खरं तर भावे स्वतः हातानं काम करणारा माणूस, लाकडी बाहुल्या केल्यात त्यांनी, पुढं बोलक्या बाहुल्यांच्या रामदास पाध्ये यांनी त्या परत हलत्याबोलत्या केल्या. पुढं रंगवलेले पडदे आले, राजवाड्याचा एक, जंगलाचा एक, रस्त्याचा एक, आणि कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर ह्या दोघांनी संगीत नाटकांसाठी असले पडदे रंगवले. मला त्यांचा हेवा वाटतो. आता तसा पडदा कुणी लावला तर लोक हसतील, पण जंगल म्हणलं की जंगल, विषय संपला.

आणि शब्द बघा ना, नेपथ्य. जुन्या संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा, जिथं नट तयार होतात, आणि ‘नेपथ्ये’ म्हणलं की आतून आवाज येणार. आपण मराठीत तोच शब्द उचलून सेटसाठी पुढं आणून उभा केला. आत असायचं ते बाहेर आलं. मी बीकॉमच्या तासाला असल्याच गोष्टींचा विचार करत बसते, बॅलन्स शीट तिकडं, सेटचा ग्राउंड प्लॅन इकडं.

तर ह्या वर्षीची एकांकिका. म्हातारी बाई, गावातलं जुनं घर, मुलगा पुण्याला चल म्हणतोय, ती नाही म्हणतेय. आमच्या सिनियरनं लिहिलेली. त्यात म्हातारीला पुरावर दीड पानाचं स्वगत होतं. पाणी कसं आलं, होडी कशी आली, ट्रंक कशी राहिली. चांगलं होतं. पण तालमीत ते सुरू झालं की सगळे मोबाइल बघायला लागायचे, मी पण.

मी डायरेक्टरला म्हणलं, मागच्या भिंतीवर एक रेघ काढू का. तो म्हणाला कसली. म्हणलं, घरी ये.

घरी आला, फ्रीज सरकवून भिंत बघितली आणि गप्प बसला. दुसऱ्या दिवशी स्वगत कापलं, एक ओळ तेवढी ठेवली. म्हातारीचं काम करणारी मुलगी माझ्याशी चार दिवस बोलली नाही, तिचं पण बरोबर होतं.

रेघ काढणं वाटतं तेवढं सोपं नाही. पट्टीनं मारली तर ती रेघ दिसते, पाणी दिसत नाही. पाणी एकदम उतरत नसतंय, थांबत थांबत उतरतं, म्हणून वर एक ठळक आणि खाली पाच-सहा पुसट, आणि त्याच्या खाली सगळा मातकट पट्टा. पातळ पिवडी स्पंजनं लावायची, वरून पाण्याचा फवारा मारायचा, ओघळ आपले आपण येतात. पोपड्यांसाठी फेविकॉलमध्ये भुसा. आणि उंची? घरात टेपनं मोजली, साडेतीन फूट. पण स्टेजवर म्हातारी खुर्चीवर बसली की तिचं डोकं त्याच्या वर यायचं. मला ते नको होतं. ती बसली की पाण्याखाली गेली पाहिजे, आणि मुलगा उभा राहून बोलतोय तर तो पाण्याच्या वर, एवढंच मला पाहिजे होतं. म्हणून मी रेघ साडेचार फुटांवर नेली.

सांगलीतल्या प्रयोगाला लाइट आल्या आल्या, म्हातारीनं तोंड पण उघडलं नव्हतं, आणि प्रेक्षकांतनं एक बाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, एकोणीसचं पाणी गं. मी विंगेत दोरी धरून उभी होते, अंगावर काटा आला. परगावच्या स्पर्धेत मात्र एक परीक्षक नंतर विचारत होते की भिंत अर्धीच रंगवायची राहिली का. असो.

आज्जी आलती सांगलीच्या प्रयोगाला. घरी येऊन पाय धुतले आणि पहिलं वाक्य, “रेघ चुकली तुझी. एवढं पाणी नव्हतं आलं आपल्यात.”

म्हणलं, “अगं आज्जी, माहितीय मला. पण ती खुर्चीवर बसल्यावर पाणी डोक्याच्या वर दिसाय पाहिजे होतं, म्हणून मुद्दाम चढवली.”

तिनं माझ्याकडं असं बघितलं की हिला कॉलेजात पाठवून उपयोग काय.

“मग तिला खाली बसव की. तांदूळ निवडायला खुर्चीवर कोण बसतंय?”

खरंच, पहिल्या प्रवेशात म्हातारी तांदूळ निवडत असते. पुढच्या प्रयोगाला आमच्याच घरातला पाट नेला आणि काकांनी शिव्या देत देत रेघ एक फूट खाली घेतली.