जुन्या सिनेमातली पावली

कृष्णधवल मराठी सिनेमात कुणी 'पावली दे' म्हणालं की हल्लीच्या पोरांना पाऊल आठवतं. पावली म्हणजे चार आणे, चवली दोन, अधेली आठ. सोळा आण्यांचा रुपया. म्हणून 'सोळा आणे खरं'. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली नि घोळ झाला: आणा सहा नव्या पैशांचा धरला, तर सोळा आण्यांचे ९६च होतात! पावली मात्र नेमकी २५ पैसे, म्हणूनच 'चार आणे' पुढेही टिकले.

कोकणात हा हिशेब अजून झाडावर आहे. देवगडचा बागायतदार 'औंदा आंबो चार आणेच' म्हणतो तेव्हा भाव विचारू नका. नेहमीच्या पिकाचा चौथा हिस्सा, एवढाच अर्थ.