इक्वलायझर जुळवून घेतो, तरी जिटर का उरतो?

हाय-स्पीड सिरियल लिंकवर, म्हणजे चिपमध्ये एकामागोमाग एक बिट अतिशय वेगाने नेणाऱ्या जोडणीवर, काम करतो असे सांगितले की थोडीफार माहिती असलेले लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात: रिसीव्हरमधला इक्वलायझर (वाटेत बिघडलेला सिग्नल सावरणारे सर्किट) जर स्वतःहून चॅनेलशी, म्हणजे सिग्नलच्या वाटेशी, जुळवून घेत असेल, तर मग जिटर, म्हणजे सिग्नलच्या कडा ठरल्या क्षणाच्या मागेपुढे होणे, उरतोच कसा? तुम्हीही तेच विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. जिटर हे एका लक्षणाचे नाव आहे, त्यामागची कारणे अनेक आहेत, आणि इक्वलायझरची मात्रा त्यांतल्या एकाच कारणाला लागू पडते.

ते कारण म्हणजे चॅनेलची स्मृती. बोर्डावरच्या ट्रेसमध्ये, म्हणजे तांब्याच्या पट्टीत, स्किन इफेक्टमुळे (उच्च वारंवारितेला प्रवाह पृष्ठभागालगतच वाहत असल्यामुळे) होणारा लॉस वारंवारितेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो आणि डायइलेक्ट्रिकमुळे, म्हणजे बोर्डातल्या विद्युतरोधक पदार्थामुळे, होणारा लॉस साधारणपणे थेट वारंवारितेच्या प्रमाणात वाढतो. परिणामी १०१० असे झपाट्याने बदलणारे बिट क्षीण होऊन पोहोचतात, तर सलग आलेल्या एकांची रांग जवळजवळ पूर्ण उंची गाठते. अशा रांगेनंतर शून्य आले की सिग्नलला वरून बरेच खाली उतरावे लागते आणि तो मध्यरेषा उशिरा ओलांडतो. आधी एकटाच एक आलेला असेल तर तो तीच रेषा लवकर ओलांडतो. कडेची, म्हणजे ही रेषा ओलांडण्याची, वेळ अशी आधीच्या बिटांवर अवलंबून राहते, आणि आय डायग्राममध्ये (सगळे बिट एकमेकांवर ठेवून काढलेल्या, मध्ये डोळ्यासारखी मोकळी जागा दिसणाऱ्या चित्रात) हीच गोष्ट रुंद, विस्कटलेल्या कडांच्या रूपाने दिसते. २०१९ साली आलेल्या पीसीआय एक्सप्रेस ५.० या संगणकातल्या जोडणीच्या मानकात वेग सेकंदाला ३२ गिगाट्रान्सफर आहे, म्हणजे एका बिटाला जेमतेम ३१.२५ पिकोसेकंद मिळतात, आणि १६ गिगाहर्ट्झला चॅनेलचा लॉस ३६ डेसिबलपर्यंत धरलेला आहे. त्या वारंवारितेचा व्होल्टेज पलीकडे पोहोचेपर्यंत सुमारे त्रेसष्टावा हिस्सा उरतो. अशा ठिकाणी इक्वलायझर नसेल तर आय मुळात उघडतच नाही.

हा जिटर नियमाने येतो, म्हणून नियमानेच काढता येतो. ट्रान्समीटरमधला एफएफई (फीड-फॉरवर्ड इक्वलायझर) आणि रिसीव्हरमधला सीटीएलई (अ‍ॅनालॉग इक्वलायझर) उच्च वारंवारितेला उचल देतात, आणि डीएफई (डिसिजन फीडबॅक इक्वलायझर) आधी ठरलेल्या बिटांचा उरलेला प्रभाव पुढच्या बिटातून वजा करतो; कोणत्या जुन्या बिटाचे किती वजा करायचे हे ठरवणाऱ्या गुणकाला टॅप म्हणतात. पण ऑसिलेटरमधल्या औष्णिक नॉइजमुळे येणाऱ्या रँडम जिटरला आधीच्या बिटांशी काही देणेघेणे नसते, तेव्हा कोणत्या टॅपने त्याला वजा करायचे? त्याचे प्रमाणित विचलन एक पिकोसेकंद असेल, तर १०⁻¹² या बिट एरर रेटसाठी (लाख कोटी बिटांमागे एक चूक) सुमारे १४ पिकोसेकंद सोडून द्यावे लागतात, म्हणजे वरच्या हिशेबात जवळपास निम्मा बिट त्यातच खर्ची पडतो. पॉवर सप्लायमधून येणाऱ्या जिटरलाही इक्वलायझरकडे उत्तर नाही. तो पुरेसा संथ असेल तर क्लॉक रिकव्हरी, म्हणजे आलेल्या सिग्नलवरूनच बिट वाचण्याची वेळ ठरवणारे सर्किट, त्याच्या मागे जाते, एवढाच दिलासा. उलट सीटीएलईची उचल वाढवत नेली तर सिग्नलबरोबर नॉइज आणि क्रॉसटॉकही (शेजारच्या तारांतून झिरपणारा सिग्नल) वाढतात, आणि एका मर्यादेपलीकडे कडा पुन्हा विस्कटू लागतात. ही मर्यादा ओलांडून ‘अजून थोडी उचल देऊन पाहू’ म्हणणारे सहकारी मी बरेच पाहिले आहेत, आणि पूर्वी मीही त्यांच्यातलाच होतो.

डीएफईबाबत आणखी एक गोष्ट आहे, जी मला स्वतःला फार उशिरा उमगली. त्याचे टॅप साधारणपणे बिटाच्या मधल्या क्षणी मोजलेल्या चुकीवरून ठरतात, त्यामुळे तो आयची उंची वाढवतो. कडेच्या क्षणी काय घडते आहे हे त्याला कोणी विचारलेलेच नसते. उंची छान सुधारली आणि कडेचा जिटर मात्र बराचसा तसाच राहिला, असे म्हणूनच घडू शकते, आणि कडा पाहून वेळ ठरवणाऱ्या क्लॉक रिकव्हरीला त्याचा फटका बसतो.

राहिला प्रश्न स्वतःहून जुळवून घेण्याचा. टेलिफोनच्या वाहिनीसाठी असा इक्वलायझर बेल लॅब्जमध्ये रॉबर्ट लकी यांनी १९६५ साली मांडला. आजच्या चिपमध्ये बहुधा साइन-साइन एलएमएस हा चूक कमी करत नेणारा अल्गोरिदम असतो, जो चुकीचे चिन्ह आणि जुन्या बिटाचे चिन्ह यांचा गुणाकार पाहून टॅप एक पायरी वर किंवा खाली सरकवतो. ही पद्धत समोर येणाऱ्या डेटावरच शिकते. एकदा मी एका लिंकवर रात्रभर केवळ १०१० असा पॅटर्न चालू ठेवला. सकाळी टॅप आपापल्या मर्यादेला जाऊन टेकलेले होते, आणि खरा डेटा सुरू करताच चुकांचा पाऊस पडला. या पॅटर्नमध्ये एक सोडून एक बिट सारखाच असल्यामुळे पहिला आणि तिसरा टॅप वेगळे ओळखताच येत नाहीत. त्यांची बेरीज-वजाबाकी जुळली की अल्गोरिदमला समाधान असते आणि टॅप हवे तिकडे भटकू शकतात. डेटा यादृच्छिक दिसेल असा मिसळणारा स्क्रॅम्बलर याही कारणासाठी लागतो, हे पुस्तकात वाचले होते, पण पटले त्या सकाळी.

याहून अवघड गाठ क्लॉक रिकव्हरी आणि डीएफई या दोन लूपच्या नात्यात असते. म्यूलर-म्यूलर पद्धतीची क्लॉक रिकव्हरी एका बिटाच्या पल्सचा आधीच्या आणि नंतरच्या बिटाच्या जागी सांडलेला अवशेष समान होईल असा क्षण शोधते. डीएफईने नंतरचा अवशेष शून्य करून टाकला, की ती आधीचाही शून्य होईल अशा जागी, म्हणजे अलीकडे सरकते आणि तिथे मुख्य बिटाची उंची कमी असते. दोन्ही लूप आपापले काम चोख करत असतात आणि मार्जिन, म्हणजे चूक होण्याआधीची शिल्लक, मात्र घटलेले असते. त्यामुळे कोणी जिटरची तक्रार घेऊन आले, तर मी इक्वलायझरचे स्वतःहून जुळवून घेणे आधी गोठवायला सांगतो, टॅपच्या किमती वाचतो, पहिला टॅप हाताने एखाद-दोन पायऱ्या मागे घेतो आणि आयची रुंदी पुन्हा मोजायला लावतो.