‘मुलं ओळखतात का हो तुम्हाला?’

संक्रांतीचं हळदीकुंकू असो, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या गणपतीची आरती असो, नाहीतर कुणाच्या मुंजीतली पंगत. मी लहान मुलांच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे हे कळलं की पाचव्या मिनिटाला प्रश्न येतो. आधी ‘अगं बाई, बघवतं कसं तुम्हाला!’ आणि मग आवाज जरा मऊ करून, ‘बरी झालेली मुलं नंतर भेटतात का हो? ओळखतात का?’

विचारणारीला एक गोष्ट हवी असते, हे मला एव्हाना कळतं. उंच झालेला मुलगा, हातात पेढ्यांचा पुडा, वाकून नमस्कार. तशी एक गोष्ट आहे माझ्याकडे. पेढे दुलीरामचे होते आणि ते ओपीडीतच संपले, माझ्यापर्यंत रिकामा पुडा पोचला.

पण तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते. नाही ओळखत. आणि जी ओळखतात, ती बहुतेक अजून पुरती बरी झालेली नसतात म्हणून ओळखतात. एक मुलगा आहे, मेंदूच्या आवरणाला टीबी झाला होता. औषधं वर्षभरात संपली, पाय मात्र आखडलेलेच राहिले. सहा वर्षं येतोय. माझ्या स्कूटरचा आवाज त्याला ओळखू येतो, माझा वाढदिवस त्याला पाठ आहे, माझ्या सासूबाईंचा मोतीबिंदू कुठल्या डोळ्याचा ते विचारा, सांगेल. त्याने मला विसरावं, असं मला फार वाटतं.

शिवाय आमच्या धंद्यात ओळखणं म्हणजे प्रेमानेच असं नाही. सिस्टर सुई टोचते आणि निघून जाते. मी मात्र अर्धा तास तिथेच बसून दुखवते. मुलांनी मला ठेवलेली सगळी नावं इथे लिहिता येणार नाहीत. त्यातल्या त्यात सभ्य म्हणजे ‘पेली आवी!’ ती आली. दारातून माझी चप्पल दिसली की तिसऱ्या खाटेवरून कुणीतरी ओरडतं आणि तीन खाटांवरची मुलं एकदम झोपी जातात.

एका मुलीचं सांगते. बडोद्याजवळच्या पादरा गावाकडची, आठ वर्षांची, वडील भाजीपाला करणारे. श्रावणात जुलाब झाले, चार दिवसांत थांबले. पंधरवड्याने सकाळी उठली तर पाय उचलेनात. दुपारी बसता येईना. रात्री घोट गिळेना, आणि दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर.

गियाँ-बारे सिंड्रोम. जीबीएस म्हटलं की आता मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याकडे साथ आली, रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, आणि माझ्या पुण्याच्या नणंदेने फोन केला, ‘वहिनी, हे तुमच्याकडचंच ना?’ जणू मी बडोद्याहून पाठवलं होतं. पोट बिघडवणारा कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू असतो, कधी नुसतं सर्दी-पडसंही पुरतं. शरीराची फौज त्याच्याशी लढायला निघते आणि आपल्याच नसांवर उलटते. अशक्तपणा पायांतून वर चढत जातो. चार-पाच रुग्णांतल्या एकाला आपला आपण श्वासही घेता येत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे डोकं अगदी जागेवर असतं. काही हलत नाही, पण कळतं सगळं. दुखतंही भयंकर, पांघरुणाचा भार सोसवत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मूल गाढ पडलंय.

तिच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, पोलिओ तर नाही ना? कारण त्यांच्यासमोर लेकीच्या शौचाचा नमुना बर्फाच्या डब्यात ठेवला होता. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचे हातपाय असे अचानक लुळे पडले की कळवावं लागतं. २४ तासांच्या अंतराने दोन नमुने जातात, तेही १४ दिवसांच्या आत. देशातला जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११चा, हावड्याकडचा, तरीही आजतागायत हे चालू आहे. काही मुलांना ६० दिवसांनी परत तपासायला घरी माणूस जातो. बरं झालेलं मूल हक्काने बघायला मिळणारा तो एकटाच, मला नेहमी त्याचा हेवा वाटतो.

औषध म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं. किलोमागे दोन ग्रॅम, पाच दिवसांत. ती २५ किलोची, म्हणजे ५० ग्रॅम, पाच-पाच ग्रॅमच्या दहा बाटल्या. एकेक घाण्यात हजारभर तरी रक्तदात्यांचा प्लाझ्मा एकत्र केलेला असतो. तिच्या आईला मी हे सांगितलं तर तिने बाटलीलाच हात जोडले. मग आयुष्मान कार्डाच्या कागदांसाठी खाली रांगेत जाऊन उभी राहिली.

पुढे काय? पुढे वाट बघणं. हे कुणाला खरं वाटत नाही. नसेचं नुसतं वरचं वेष्टण गेलं असेल तर ते काही आठवड्यांत भरतं. आतली तारच तुटली असेल तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. कंबरेपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर मोजा आणि हिशेब करा. मुलं मोठ्यांपेक्षा बरी होतात, बहुतेक पूर्ण बरी होतात. पण तोवर सांधे आखडू द्यायचे नाहीत, पावलं लोंबू द्यायची नाहीत, पाठीला जखम होऊ द्यायची नाही, छातीत कफ साठू द्यायचा नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. वॉर्डातलं शौर्य म्हणाल तर एवढंच: दोन वाजता, चार वाजता, सहा वाजता.

तिच्या चेहऱ्यातलीही ताकद गेली होती, डोळे मिटत नव्हते. सिस्टर मलम घालून रात्री पापण्यांना पट्टी लावायची. बुबुळं मात्र हलत होती. रात्रपाळीला एक केरळची सिस्टर होती, गुजराती माझ्यापेक्षा चांगलं बोलते. तिने ठरवून टाकलं, वर बघितलं की हो, खाली बघितलं की ना. खाटेच्या वर पुठ्ठा टांगला. मग तासभर बसून तिला एकेक विचारत राहिली. भूक? ना. पाय दुखतात? ना. आई? ना. हात, पोट, कान करत करत शेवटी वर बघितलं ते नाकावर. नाक खाजत होतं. तीन दिवस खाजत होतं.

आता माशींबद्दल. वॉर्डातल्या आयाबाईंना सगळे माशीच म्हणतात, म्हणजे गुजरातीतली मावशी. या मूळच्या नंदुरबारकडच्या, त्यामुळे आमच्या दोघींच्या कागाळ्या मराठीत चालायच्या, बिनधास्त, मुलीच्या डोक्यावरून. लादी, बेडपॅन, चादरी हे त्यांचं काम. वेणी घालणं कुणाच्याच कामात बसत नाही, पण केसांच्या जटा होतात म्हणून त्या रोज सकाळी खोबरेल लावून तिच्या दोन वेण्या घालायच्या. डावा पंजा डोक्याखाली घालायचा, डोकं उचलायचं, नळी सांभाळत कंगवा फिरवायचा.

एका सकाळी मी पोचते तर माशी बादली घेऊन दारातच उभ्या. ‘बेन, आज नारळ पडला नाही.’

‘कसला नारळ?’

‘रोज डोकं हातात नारळासारखं पडतं ना तिचं, आज नाही पडलं. हाताला मागे रेटलं तिने.’

मी गेले. बोटं मानेच्या पुढच्या बाजूला ठेवली, म्हटलं उशीवरून डोकं उचल. डोकं तसूभर हललं नाही. पण बोटांखाली, त्वचेच्या आत, मासोळी वळावी तसं काहीतरी वळलं. ताकदीला आम्ही शून्य ते पाच गुण देतो. नुसतं थरथरलं तर एक. मी कार्डावर शून्य खोडून १ लिहिलं. मान आणि श्वास यांच्या स्नायूंचं दैव बरंचसं एकत्र चालतं, म्हणून तो आकडा आम्हाला केवढा मोठा. अकरा वाजता राउंड आला, ‘नेक इम्प्रूव्हिंग’ अशी नोंद झाली. माशींसाठी त्या कागदावर रकाना नाही.

तसं या आजाराच्या नावातही एक रकाना कमी पडलेला आहे. १९१६ साली दोन फ्रेंच सैनिकांवर जो लेख आला तो गियाँ, बारे आणि स्ट्रोल अशा तिघांचा होता. सैनिकांच्या स्नायूंच्या प्रतिक्रिया यंत्रावर नोंदवून ठेवण्याचं काम या तिसऱ्या स्ट्रोलचं. नाव मात्र दोघांचंच राहिलं. मी माशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘त्याला पगार तर मिळाला ना?’

नवरात्रापर्यंत व्हेंटिलेटर सुटला. श्वासासाठी गळ्याला पाडलेलं भोक हळूहळू बंद करायचं म्हणून नळीला बूच लावलं, म्हणजे आता आवाज येणार. दोन महिने मुकी असलेली मुलगी. आई, आजी, केरळची सिस्टर, सगळ्या गोळा झालेल्या. मी व्यायामासाठी तिचा पाय हातात घेतला. ती माझ्याकडे बघून घोगऱ्या आवाजात, चक्क मराठीत म्हणाली, ‘बस झालं.’

रोज व्यायाम संपला की मी हेच म्हणायचे. तिने सुरुवातीलाच म्हणून घेतलं. माझ्या आणि माशींच्या दोन महिन्यांच्या गप्पांतलं आणखी काय काय तिने ऐकून ठेवलं होतं, त्याचा मी नंतर घाम फुटेपर्यंत विचार केला.

तिचं चूक नव्हतं. या आजारात ‘अजून थोडं, अजून थोडं’ हे फार वाईट. नव्याने जाग्या होणाऱ्या स्नायूला दमेपर्यंत राबवलं तर तो मागे जातो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका मुलाला, त्याच्या बापाच्या हौसेला आणि माझ्याही, दोन वेळा जास्तीचं उभं केलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला बसवेना. आठवडा गेला तो पूर्वपदावर यायला. त्याने ओळखलं तर मीच तोंड लपवीन.

मग आकडे. एका श्वासात किती मोजता येतात, ही आमची यंत्राशिवायची तपासणी. एक, बे, त्रण… पहिल्या दिवशी ‘सात’ला संपली. वीसपर्यंत गेली त्या दिवशी खाली दिवाळीचे फटाके वाजत होते. उभी राहिली, पायांना स्प्लिंट लावून चालली, घरी गेली. मधले ते आठवडे सांगण्यासारखे नाहीत, रोजचंच सगळं. आई चिडायची, मुलगी रडायची, मी बडबडायची.

बोटं सगळ्यात शेवटी येतात. उत्तरायणाच्या, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीच्या, आधी ती दर मंगळवारी ओपीडीत यायची तेव्हा मी रबरी चेंडू बाजूला ठेवला आणि घरातून फिरकी नेली. मांजा नाही, साधा दोरा. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ती. मी ओढायचं, तिने ढील द्यायची, मग तिने गुंडाळायचं. पतंग नव्हताच. पहिल्या मंगळवारी दोरा तिच्या चिमटीतून नुसताच निसटत राहिला. चौथ्या मंगळवारी मी ओढला आणि माझ्या तर्जनीला कापलं. पतंग कापला की इथे ओरडतात तशी ती ओरडली, ‘काइपो छे!’ मला इतका आनंद झाला की पट्टी लावायची विसरले.

त्यानंतर आली नाही. तपासणीच्या दोन तारखा चुकवल्या. फोन केला तर वडील म्हणाले, ‘बेन, शाळा चालू झाली, ती घरात थांबतच नाही.’ मी कार्ड बंद केलं.

दोन वर्षांनी नवरात्रात बडोद्याच्या वाडी भागातल्या एका पोळात, म्हणजे जुन्या गल्लीत, गरबा बघायला उभी होते. मोठ्या मैदानांची गर्दी मला झेपत नाही. मुली अनवाणी फिरत होत्या आणि मी, सवयीने, पायच बघत होते. मी माणसं चेहऱ्याने ओळखते त्याच्या आधी चालीने ओळखते, घरचे यावरून हसतात. वळताना एक डावं पाऊल किंचित उशिरा उचललं जात होतं. दहा हजारांतही कुणाला दिसणार नाही इतकं. मी वर बघितलं तर दोन वेण्या.

तेवढ्यात तिच्या आईने मला बघितलं. धावत आली, हात धरला, रडायलाच लागली, आणि लेकीला रिंगणातून ओढून आणलं. तिचा मामा तिथेच राहतो म्हणे. ‘ओळख्यां आ बेनने?’

मुलीने नीट बघितलं. वॉर्डात माझ्या तोंडावर सदोदित मास्क, डोक्यावर टोपी. इथे मी नऊवारी नाही तरी काठापदराची, गजरा माळलेली. तिने प्रामाणिकपणे मान हलवली. ‘ना.’

आईला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मीच म्हटलं, जाऊ द्या हो, ताल चुकतोय तिचा. ‘बस झालं’ म्हटलं असतं तर कदाचित ओळखलं असतं. पण मी काही म्हटलं नाही. ती ओढणी खोचत पळाली, दोन बायकांच्या मधून आत शिरली, टाळी धरली. मी डाव्या टाचेवर नजर ठेवून होते. टेकत होती.